यंत्रांची हजेरी, वाचकांची झडती

अकोलेकर : तुमच्या संकेतस्थळाचे लॉग म्हणे आता बाहेरच्या कंपनीकडे पाठवणार आहात. संत्रा-कपाशीची माहिती आणि चार जुनी वऱ्हाडी पुस्तकं, एवढ्यावर चालणारं हे स्थळ. त्यासाठी दरमहा भाडं भरायचं आणि कुठल्याशा परदेशी डॅशबोर्डवर रंगीत आलेख बघत बसायचं. काहून भाऊ? पूर्वी वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत खपाचे आकडे मिरवायची हौस असे, आता यंत्रांच्या भेटी मोजायची हौस आली. मला तरी एवढाच फरक दिसतो.

अमरावतीकर : हौसच असती तर गूगल ॲनालिटिक्सवर भागलं असतं. पण ॲनालिटिक्स मोजतं कधी, तर ब्राउझरमध्ये त्याची जावास्क्रिप्ट चालली तर. एआय कंपन्यांचे बहुतेक बॉट पानाचा मजकूर उचलतात आणि पुढच्या पानावर जातात. स्क्रिप्ट चालवायच्या फंदात पडत नाहीत. त्यातूनही एखादा ओळखू आला तर ॲनालिटिक्स त्याला स्वतःच गाळून टाकतं. म्हणून व्हायचं असं, की तिकडे सगळं शांत आणि इकडे होस्टिंगवाल्याचा निरोप : तुमच्या खात्यानं मर्यादा ओलांडली, स्थळ तात्पुरतं बंद ठेवलंय. मधल्या वेळात काय घडलं ते फक्त सर्व्हरच्या लॉगमध्ये सापडतं. प्रत्येक विनंतीची एक ओळ. मागणाऱ्याचा आयपी पत्ता, तारीख-वेळ, मागितलेलं पान, उत्तर २०० गेलं की ४०४, किती बाइट गेले, कुठल्या दुव्यावरून आला, आणि शेवटी त्यानं स्वतःची सांगितलेली ओळख. त्या शेवटच्या रकान्यात जीपीटीबॉट, क्लॉडबॉट, बाइटस्पायडर, सीसीबॉट अशी नावं दिसू लागली, तेव्हा कळलं की रात्री दोन वाजता संत्र्याच्या आंबिया बहाराची पानं ओळीनं कोण वाचत होतं.

स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर हे लॉग टिकत नाहीत, जागा वाचवायला जुने पुसले जातात. म्हणून ओळ लिहिली गेली की तिची प्रत लगेच दुसरीकडे रवाना करायची. तिथे त्या साठतात, बॉटवार वेगळ्या होतात, कोण वाढलं आणि कोण थांबलं ते दिसतं. आलेख रंगीत असतील-नसतील, पुरावा हातात राहतो.

अकोलेकर : पुरावा कशाचा? त्या रकान्यात काय लिहायचं ते येणाराच ठरवतो. मी घरी बसून एका आज्ञेत स्वतःला जीपीटीबॉट म्हणवून तुमची शंभर पानं उचलीन, आणि पावती ओपनएआयच्या नावावर फाटेल. उलट करणं त्याहून सोपं. बॉटनं ‘विंडोजवरचं क्रोम’ एवढं लिहिलं की तुमच्या लेखी तो दर्यापूरचा वाचक झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये क्लाउडफ्लेअरनं पर्प्लेक्सिटी या एआय-शोध कंपनीवर नेमका हाच आरोप जाहीरपणे केला, की मनाई असलेल्या स्थळांवर तिचे बॉट साध्या ब्राउझरच्या वेशात जातात. कंपनीनं तो फेटाळला. कोण खरं, कोण खोटं, ते बाजूला ठेवा. क्लाउडफ्लेअरच्या जाळ्यातून वेबचा केवढा तरी मोठा हिस्सा जातो, आणि तिलाही त्यासाठी सापळा लावावा लागला. नवी डोमेन घेतली, कुठे जाहीर केली नाहीत, बॉटना मनाई लिहिली, आणि मग त्या पानांबद्दल पर्प्लेक्सिटीला प्रश्न विचारून पाहिले. तिथे तुमचा तीन हजारांचा सर्व्हर काय ओळखणार, बाप्पा?

अमरावतीकर : तुमच्या अर्ध्या हरकतीला उत्तर आहे. ओपनएआय आपल्या बॉटचे आयपी पत्ते जाहीर करते, आणि गूगलबॉटची खातरजमा पत्त्यावरून उलट डोमेन शोधून करता येते. म्हणजे ‘मी जीपीटीबॉट’ म्हणणारा तोतया पकडता येतो. उरलेल्या अर्ध्या हरकतीला, म्हणजे बॉट असून माणूस म्हणवणाऱ्याला, माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. अंदाज करता येतो. माणूस पान उघडतो तेव्हा चित्रं, फॉन्ट, स्टाइलची फाइल असं सगळं मागितलं जातं. नुसता मजकूर मागणारा आणि सेकंदाला चार पानं पालटणारा ‘वाचक’ संशयास्पदच. पण ती चाल ओळखायची तर पूर्ण लॉग एका जागी हवा, आणि थोडा काळ टिकायला हवा. तुम्ही ज्यावर हरकत घेता त्याच कामासाठी मला तो पाठवायचाय.

अकोलेकर : आणि मधे सीडीएन बसवलं असेल तर? साठवलेली पानं ते परस्पर देऊन टाकतं, विनंती तुमच्या सर्व्हरपर्यंत येतच नाही. पोचते तिच्यावरही, नीट जुळवणी केली नसेल तर, सीडीएनचाच पत्ता.

अमरावतीकर : खरंय. मग लॉग सीडीएनकडून घ्यायचा, आणि ती सोय बहुतेक ठिकाणी महागड्या योजनेतच असते. आम्ही सीडीएन लावलेलं नाही, म्हणून सध्या तरी जे आहे ते सगळं आमच्याच लॉगमध्ये आहे.

पण खर्चाचं ऐका, कारण तुम्हाला ती हौस वाटते. एप्रिल २०२५ मध्ये विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियानं आकडे दिले : जानेवारी २०२४ पासून चित्रं-चित्रफिती उतरवून घेण्याची बँडविड्थ ५० टक्क्यांनी वाढली, आणि त्यांच्या सर्वांत खर्चिक वाहतुकीतली ६५ टक्के बॉटची निघाली. पानं पाहण्यात मात्र बॉटचा वाटा जेमतेम ३५ टक्के. हे असं का? माणसं एका वेळी ठरावीक पानांवर गर्दी करतात. ती पानं जवळच्या साठ्यात तयार असतात, दिली की झालं. बॉट मात्र कधी कुणी न उघडलेलं पानही उघडतो, आणि ते दर वेळी मुळातून काढून द्यावं लागतं. आमच्याकडे अगदी हेच होतं, आकार लहान एवढंच. जुन्या पुस्तकाच्या स्कॅनची पानं महिनोन्‌महिने कुणी बघत नाही. बॉट पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत जातो, आणि दर पानाला डेटाबेस जागा होतो. नेमक्या त्याच वेळी वरुडच्या कुणाला फळगळीचं पान उघडायचं असेल, तर चाक फिरत राहतं.

अकोलेकर : मग बंद करा बॉट. रोबोट्स डॉट टीएक्सटीमध्ये दोन ओळी लिहा आणि मोकळे व्हा. त्यासाठी लॉग कशाला?

अमरावतीकर : तुम्ही बंद करा म्हणाल असं वाटलं नव्हतं. रोबोट्स डॉट टीएक्सटी १९९४ सालची सोय. मार्टेन कोस्टरनं सुचवली, आणि तिचं अधिकृत मानक व्हायला २०२२ उजाडलं. ती विनंती आहे, कुलूप नव्हे. मानणारे मानतात. मानतात की नाही, हे कळायचं तर लॉगच पाहावा लागतो. मनाई लिहिल्यावर त्या बॉटनं नुसती रोबोट्सची फाइल वाचली आणि परतला, की पुढे पानंही मागितली, हे त्या ओळींतूनच दिसतं.

शिवाय बॉट सगळे एका जातीचे नाहीत. जीपीटीबॉट प्रशिक्षणासाठी मजकूर गोळा करतो. ओएआय-सर्चबॉट शोधाची सूची बांधतो. चॅटजीपीटी-यूझर येतो तेव्हा त्याच्या मागे त्या क्षणी प्रश्न विचारून बसलेला माणूस असतो. त्या तिसऱ्याला हाकललं तर माणसालाच हाकललं. आणि गूगलचं तर लॉगमध्ये वेगळं दिसतही नाही. ‘गूगल-एक्स्टेंडेड’ हे रोबोट्सच्या फाइलमध्ये लिहायचं नुसतं नाव आहे, त्या नावाचा बॉट कधी येत नाही. येतो तो नेहमीचा गूगलबॉटच. शोधात दिसायचं असेल तर त्याला दार उघडं ठेवायचं, आणि गूगल शोधाच्या माथ्यावर जे एआयचं उत्तर येतं, तेही त्याच दारातून नेलेल्या मजकुरावर तयार होतं.

अकोलेकर : बंद करा म्हणालो ते तुमचं उत्तर ऐकायला. माझी खरी भीती उलटीच आहे. मोजणाऱ्याला आज ना उद्या अडवावंसं वाटतंच. आकडा समोर आला की राग येतो आणि राग आला की कडी लागते. वेबवरचा मराठी मजकूर शेकड्यात एकाच्याही कितीतरी खाली. २०११ च्या जनगणनेत आपण ८ कोटींच्या वर होतो, पण या यंत्रांच्या पोटात आपण किती? कपाशीवरच्या बोंडअळीबद्दल शेतकऱ्यानं मराठीत विचारलं आणि यंत्रानं अमेरिकेतल्या टेक्सासचं ज्ञान मोडक्या मराठीत दिलं, तर दोष कुणाचा? आपण दारं लावून बसलो तर थोडा आपलाही.

तुमच्याच जिल्ह्यातलं रिद्धपूर घ्या. महानुभाव पंथाच्या म्हाइंभटानं ‘लीळाचरित्र’ तिथं रचलं, तेराव्या शतकात. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ. पुढे महानुभावांनी आपलं साहित्य सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत नेऊन ठेवलं. पंथाबाहेरच्या मराठी माणसाला, पिढ्यानपिढ्या, आपल्या भाषेत असं गद्य आहे याचा पत्ताच नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाडे, भावे या संशोधकांनी खटपट केली तेव्हा कुठे ते उजेडात आलं आणि मराठी वाङ्मयाचा इतिहास नव्यानं मांडावा लागला. आता तिथं मराठी भाषेचं विद्यापीठ आलंय. मधली पाचेकशे वर्षं कोण भरून देणार?

अमरावतीकर : उदाहरण तुमच्या बाजूनं पुरतं झुकत नाही. लिपी बंद होती म्हणूनच त्या ग्रंथांत बाहेरच्यांची भर कमी पडली, असं मानणारे अभ्यासक आहेत. ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी एकनाथांना करावी लागली, कारण ती सगळ्यांच्या तोंडी होती आणि तोंडातोंडी बदलत होती. उघडं ठेवलेलं पसरतं आणि पसरताना बदलतं. आणि ती लिपी कुणाला शिकवायची हे पंथानं ठरवलं होतं, बाहेरच्या कुणी परस्पर ठरवलं नव्हतं. मला तेवढंच हवंय. उघडं ठेवीन, पण कोण नेतं ते माहीत असून ठेवीन.

आणि ‘बदलतं’ म्हणालो ते नुसतं वाङ्मयापुरतं नाही. आमच्या स्थळावर बोंडअळीवरच्या फवारणीचं एक जुनं पान होतं. त्यात मोनोक्रोटोफॉसचं प्रमाण दिलेलं, पंपाला किती मिली वगैरे. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा ज्या औषधांची चर्चा झाली त्यात हेही होतं. पुढे २०२३ मध्ये केंद्रानं त्याचा ३६ टक्के एसएल हा प्रकार बाद ठरवला. आमचं पान तसंच पडून होतं. ॲनालिटिक्समध्ये त्याला वाचक नव्हतेच, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. लॉग चाळला तेव्हा दिसलं, की चॅटजीपीटी-यूझर सगळ्यात जास्त वेळा त्याच पानावर येतो, आणि तेही खरिपात, कपाशी पात्यांवर आलेली असताना. म्हणजे कुणी तरी विचारत होतं आणि यंत्र आमचं जुनं पान वाचून उत्तर देत होतं. काय उत्तर दिलं ते लॉग सांगत नाही. पान नेलं, एवढंच सांगतो. पण हे कळल्यावर तुम्ही ‘आलेखाची हौस’ म्हणू शकाल का?

अकोलेकर : नाही म्हणणार. हा मुद्दा मी धरतो, आणि तुमच्यापेक्षा थोडा पुढे नेतो. इथे लॉगचा उपयोग पहारेकऱ्याला झाला नाही, संपादकाला झाला. मग हिशेबाच्या गोष्टी कशाला काढता? क्लाउडफ्लेअरनं जुलै २०२५ मध्ये पानामागे पैसे आकारायची योजना आणली. डिसेंबरात केंद्राच्या उद्योग विभागाच्या समितीनं सुचवलं, की एआय कंपन्यांना मजकूर वापरायचा सरसकट परवाना असावा, निर्मात्याला तो रोखता येऊ नये, पण मोबदला मिळावा. तुमच्या मनात कुठे तरी हे आहेच, की उद्या वाटा मागायची वेळ आली तर लॉग दाखवू.

अमरावतीकर : आहे. लपवत नाही.

अकोलेकर : मग वऱ्हाडातच मोजणीचा इतिहास आहे, तो आठवा. देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार कारंज्याला, १८८६ साली. मग १८९७ चा वऱ्हाडचा कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा. माप सरळ झालं, अडत-दलाली जाहीर झाली, हे चांगलंच झालं. पण ते का झालं? मँचेस्टरला चोख कापूस हवा होता. भाव कारंज्यात ठरत नव्हता, लिव्हरपूलला ठरायचा आणि तारेनं यायचा. काटा आपल्या अंगणात आला म्हणजे भावही आपल्या हाती आला, असं तेव्हा झालं नाही. आणि इथे तर काटाही दुसऱ्याचा! बॉट परदेशी कंपनीचे, आणि बॉट मोजणारी सेवाही परदेशी कंपनीची. उद्या तीच सांगणार, की तुमच्या मालाला अमुक इतकी मागणी.

अमरावतीकर : काटा दुसऱ्याचा आहे हे टोचतं. तरी काटाच नसलेल्या बाजारात उभं राहण्यापेक्षा बरं, असं मी कालपर्यंत म्हणत होतो.

अकोलेकर : कालपर्यंत का?

अमरावतीकर : कारण लॉग पाठवायची जुळवणी करायला बसलो आणि पहिल्या हजारभर ओळी नुसत्या वाचल्या. त्यात बॉट कमी होते असं नाही, पण मधेमधे माणसं होती. आमच्याकडे ‘पीककर्ज थकलं तर काय करावं’ असं एक पान आहे. ते कुणी तरी मध्यरात्रीनंतर उघडलं, मग मानसिक आधाराच्या हेल्पलाइनचं पान, मग पुन्हा पहिलं. पत्ता, वेळ, फोनचा प्रकार, सगळं ओळीत. दुसरीकडे एका जुन्या अर्जाची चूक होती. तो भरला की मोबाइल नंबर दुव्याच्या शेपटीला लागायचा आणि तिथून लॉगमध्ये उतरायचा. बॉट पकडायला म्हणून मी हे सगळं परक्याच्या गोदामात टाकणार होतो.

अकोलेकर : हीच ओळ मला हवी होती. आता कायद्याचंही बघा. केंद्राची सायबर सुरक्षा संस्था सर्ट-इन, तिच्या २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपावे लागतात, आणि तेही भारतात. वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. आयपी पत्त्यावरून माणूस ओळखता येत असेल तर ती त्याची वैयक्तिक माहितीच झाली. म्हणजे जपा असंही सांगितलंय आणि जपून वापरा असंही.

अमरावतीकर : त्याला तांत्रिक वाट आहे असं वाटलं. पाठवण्याआधी ओळ धुऊन घ्यायची. दुव्यातलं प्रश्नचिन्हापुढचं सगळं कापायचं, आयपीचा शेवटचा भाग शून्य करायचा. पण पत्ता झाकला की बॉटची खातरजमा होत नाही, कारण ती पूर्ण पत्त्यावरूनच होते. मग ठरवलं, की जो स्वतःला बॉट म्हणवतो त्याचा पत्ता पूर्ण पाठवायचा, बाकीच्यांचा झाकायचा किंवा त्यांच्या ओळीच पाठवायच्या नाहीत.

अकोलेकर : आणि मग तुमच्या हाती उरले ते खरं नाव सांगून येणारे. क्रोमचा वेश घेऊन आलेला तुमच्या झाकलेल्या वाचकांत मिसळून गेला. तुमचा आलेख सांगणार, की गर्दी सगळी नाव सांगणाऱ्यांची. वाचणारा चिडून त्यांनाच बंद करणार, आणि ते बंद होतीलही, कारण सांगितलेलं तेच ऐकतात. न ऐकणाऱ्याला रान मोकळं.

अमरावतीकर : आणि सगळं पाठवलं तर त्या एका वेशधाऱ्यासाठी दर्यापूर-अंजनगावच्या प्रत्येक वाचकाची झडती. तीही धड होणार नाही. मोबाइल कंपन्या एका पत्त्यामागे शेकडो फोन ठेवतात. संशयावरून एक पत्ता अडवला तर अख्ख्या तालुक्याला स्थळ उघडणार नाही, आणि तक्रार करायला त्यांच्याकडे आमचा नंबरही नसेल.

अकोलेकर : वाचकाला विचारा. पानाच्या तळाशी लिहा, की तुमच्या भेटीची नोंद अमुक कंपनीकडे जाते.

अमरावतीकर : लिहीन. तो ‘मान्य’ दाबेल, कारण खाली फळगळीचं औषध आहे आणि ते त्याला आत्ता हवंय. त्याला मी संमती म्हणू का? शेतकऱ्याकडून कोऱ्या कागदावर अंगठे घेणारे सावकार या भागानं पुष्कळ पाहिलेत.

अकोलेकर : मग पूर्ण लॉग घरीच ठेवा. स्वतःच्या यंत्रावर, १८० दिवस, मग पुसा. चाळायला एखादा पोरगा बसवा.

अमरावतीकर : पोरगा तीन महिन्यांत पुण्याला जातो. तो गेला की लॉग पुन्हा कुणी वाचत नाही, आणि फवारणीचं पुढचं पान तसंच पडून राहतं. भाड्याची सेवा याच कारणासाठी घेतात लोक. सध्या नाव सांगणारे बॉट तेवढे बाहेर पाठवतो, बाकीचं घरी. अर्धवट आहे हे माहीत आहे.

अकोलेकर : आणि ते पान?

अमरावतीकर : दुरुस्त केलं. वर तारीख टाकली, जुनं प्रमाण काढलं. चॅटजीपीटी-यूझर आता येतो तेव्हा नवं पान नेतो, लॉगमध्ये बाइट बदललेले दिसतात. पण त्याआधी सीसीबॉट येऊन गेला होता. तो कॉमन क्रॉलचा, आणि त्यांचा साठा जगाला खुला असतो, त्यावर कुणीही मॉडेल शिकवतं. जुनं प्रमाण कुठल्या तारखेला बाहेर गेलं ते मला सेकंदापर्यंत सांगता येईल. त्यानंतर ते कुणाकुणाच्या मॉडेलमध्ये गेलं आणि कुठल्या शेतकऱ्याला सांगितलं गेलं, याचा लॉग कुणाकडे मागायचा, ते तुम्ही सांगा.